एकवीस मिनिटांचा विश्वविजेता

ग्युंटर नेत्सर हा १९७४ चा विश्वविजेता. पश्चिम जर्मनीने त्या उन्हाळ्यात स्वतःच्या देशात विश्वचषक जिंकला आणि विजेत्या चमूच्या यादीत नेत्सरचे नाव आहे, तेव्हा नोंद म्हणून हे विधान कुणाला खोडता येणार नाही. त्या अख्ख्या स्पर्धेत तो खेळला मात्र एकवीस मिनिटे. २२ जूनला हांबुर्गमध्ये पूर्व जर्मनीविरुद्धच्या सामन्यात एकोणसत्तराव्या मिनिटाला त्याला वोल्फगांग ओव्हरातच्या जागी मैदानात धाडले. आठ मिनिटांनी पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्पारवासरने गोल केला आणि पश्चिम जर्मनी तो सामना ०-१ अशी हरली. त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत नेत्सर बाकावरच होता.

देशासाठी ३७ सामने आणि ६ गोल, बुंडेसलिगामध्ये २३० सामने आणि ८२ गोल, एवढी त्याची जमा. मधल्या फळीतल्याच लोथार माथेउसचे देशासाठीचे सामने १५० आहेत. तरीही जर्मन साहित्यसमीक्षक, राजकीय निबंधकार आणि इतिहासकार या सगळ्यांनी मिळून ज्या एका मिडफिल्डरवर सर्वाधिक शाई खर्च केली तो नेत्सर. असे का व्हावे? खेळाडू म्हणून तो तेवढा मोठा होता म्हणून, की लिहिणाऱ्यांना त्याची गरज होती म्हणून? फुटबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला उंबऱ्यावरच भेटावा असा हा प्रश्न आहे, आणि म्हणून या पुस्तकाची ओळख करून देताना मी त्याच्याच कारकिर्दीचा आधार घेणार आहे.

या पुस्तकाकडे दोन प्रकारचे वाचक येतील असा माझा अंदाज आहे. एक रात्री जागून युरोपातले सामने पाहणारा. त्याला खेळ उत्तम कळतो, पण खेळाबद्दल ग्रंथालयात बसून वाचायचे ते काय, अशी त्याला शंका असते. दुसरा इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी. त्याला ग्रंथालयाची सवय आहे, पण ऑफसाइड म्हणजे नेमके काय हे चारचौघांत विचारायला तो बिचकतो. दोघांनीही निःसंकोच आत यावे. पहिल्याची शंका हळूहळू फिटेल. दुसऱ्याने एखाद्या शाळकरी मुलाला विचारावे. तो दोन मिनिटांत समजावून सांगेल.

खेळाचा इतिहास हा गंभीर विषय आहे हे आपल्याकडे क्रिकेटमुळे मान्य झाले. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांचा क्रिकेट आणि वसाहतवादावरचा ग्रंथ १९६३ मध्ये आला. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला आणि दलित गोलंदाज पळवणकर बाळू यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोचवले. संघात गोलंदाजी चालते पण चहाचा पेला वेगळा, हे वास्तव धावफलकावर दिसत नाही, ते दुसरीकडे शोधावे लागते, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकालाही दाखवून दिले. फुटबॉलच्या अभ्यासाची परंपरा याहून वेगळ्या घरातून आली. नॉर्बर्ट एलियास हे ब्रेसलाउमध्ये जन्मलेले ज्यू समाजशास्त्रज्ञ. हिटलर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढे लेस्टरच्या विद्यापीठात त्यांनी एरिक डनिंग या विद्यार्थ्याबरोबर खेळाचा अभ्यास सुरू केला. सुसंस्कृत म्हणवणारा समाज माणसाला भावना आवरायला शिकवतो आणि मग त्याच भावना आखीव नियमांत उसळू देण्यासाठी मैदाने बांधतो, हा त्यांचा ढोबळ सिद्धान्त. १९८६ च्या त्यांच्या ग्रंथावर आजही वाद झडतात आणि ते योग्यच आहे.

खुद्द जर्मनीत विद्यापीठीय इतिहासकार या विषयाकडे बऱ्याच उशिरा वळले. क्रिस्तियाने आयझेनबर्ग यांनी इंग्रजी खेळ जर्मन मध्यमवर्गात कसे रुजले हे १९९९ मध्ये सविस्तर मांडले. नाझी राजवटीत जर्मन फुटबॉल संघटना कशी वागली याचा निल्स हावेमान यांचा अभ्यास २००५ चा. तोवर हे क्षेत्र पत्रकार आणि निबंधकारांच्या हाती होते. त्यामुळे विषयाला सुंदर वाक्ये भरपूर मिळाली, पुरावे मात्र बेताचेच. नेत्सर हा या सुंदर वाक्यांचा सर्वांत मोठा लाभार्थी आहे, आणि एका अर्थी त्यांचा बळीही.

आता त्याच्या गावाकडे जाऊ. म्योन्शनग्लाडबाख हे डच सीमेजवळचे कापडगिरण्यांचे शहर. नेत्सरचा जन्म तिथलाच, १४ सप्टेंबर १९४४ चा. १९६३ मध्ये तो गावातल्याच एका लहान क्लबातून बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखमध्ये आला. त्याच वर्षी बुंडेसलिगा सुरू झाली, पण बोरुसियाला तिच्यात जागा नव्हती. १९६४ मध्ये हेनेस वाइसवायलर प्रशिक्षक झाले आणि १९६५ मध्ये या पोरसवदा संघाने वरच्या वर्गात प्रवेश मिळवला. बायर्न म्युनिक हा क्लबही त्याच वर्षी वर आला. पुढच्या दशकभर या दोघांनी जर्मन फुटबॉल आपसांत वाटून घेतले. बोरुसियाच्या पोरांना वृत्तपत्रांनी ‘शिंगरे’ हे नाव दिले आणि ते आजतागायत टिकले आहे.

इथे पैशाचा विषय काढावा लागतो, कारण तो टाळून लिहिलेला फुटबॉलचा इतिहास निम्मा खोटा असतो. बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा खेळाडूच्या कमाईवर महिना १२०० मार्कांची कमाल मर्यादा होती. काही निवडक खेळाडूंना अपवाद म्हणून जास्त मिळे. खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक असावा पण त्याने व्यावसायिकासारखे कमावू नये, अशी जर्मन संघटनेची जुन्या वळणाची अपेक्षा होती. म्योन्शनग्लाडबाखचे मैदान लहान, तिजोरी त्याहून लहान. पगार वाढवून मागणाऱ्या नेत्सरने मग क्लबशी सौदा केला तो पगाराऐवजी छापील कागदाचा. सामन्याच्या दिवशी विकले जाणारे क्लबचे मासिक चालवण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. जाहिराती मिळवायच्या, अंक काढायचा, विकायचा आणि उरेल तो नफा खिशात घालायचा. १९७१ मध्ये त्याने गावात एक डिस्कोही उघडला. लांब सोनेरी केस, फेरारी गाडी, डिस्कोतल्या रात्री, एवढे सगळे छायाचित्रकारांना आयते मिळाले आणि नेत्सर हा बंडखोर तरुणाईचा चेहरा ठरला. मला यात बंडापेक्षा व्यापार अधिक दिसतो. त्याला नावे ठेवावीत असे यात काही नाही. ज्या व्यवस्थेत खेळाडूला त्याच्या कामाचे मोल उघडपणे मिळत नव्हते, तिथे हुशार खेळाडूने शोधलेली ही वाट होती.

इतरांनी शोधलेल्या वाटा कुठे गेल्या हेही पाहायला हवे. ६ जून १९७१ रोजी किकर्स ऑफेनबाख या क्लबचे अध्यक्ष होर्स्ट-ग्रेगोरिओ कानेलास यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांना ध्वनिफिती ऐकवल्या. त्या फितींवर बुंडेसलिगातले खेळाडू सामना सोडण्याचे दर ठरवत होते. पुढच्या चौकशीत पन्नासहून अधिक खेळाडूंना शिक्षा झाल्या, आणि कमाईवरच्या मर्यादाही त्यानंतर उठल्या. नेत्सरचे मासिक आणि कानेलास यांच्या फिती या एकाच नियमाच्या पोटी जन्मल्या आहेत. पहिली गोष्ट गमतीदार किस्सा म्हणून सांगतात, दुसरी कलंक म्हणून. अभ्यासकाने दोन्ही एकाच प्रकरणात घ्याव्यात.

तो खेळायचा कसा? याचे उत्तर वाचून मिळण्यासारखे नाही, पण प्रयत्न करतो. नेत्सर धावपळीचा खेळाडू नव्हता. आपल्या बचावफळीच्या पुढ्यात येऊन चेंडू घ्यायचा, मान वर करायची आणि तीस-चाळीस मीटरवर धावणाऱ्या साथीदाराच्या पुढ्यात नेमका टाकायचा, ही त्याची मुख्य कला. सत्तेचाळीस नंबरचे बूट घालणाऱ्या त्या पायातून निघालेला चेंडू हवेत वळत जायचा. फ्री किकवर तर गोलरक्षकांची झोप उडे. कधी मात्र तो स्वतःच मागून चेंडूसह सुटायचा आणि समोरच्या संघाला त्याला कुणी अडवायचे हेच ठरवता यायचे नाही. चेंडू नसताना तो चालायचा, अक्षरशः चालायचा.

मग त्याच्या वाट्याचे धावायचे कुणी? हर्बर्ट व्हिमरने. हा बोरुसियाचाच खेळाडू. शेजारून धावायचा, निसटलेला चेंडू परत मिळवायचा, नेत्सरने मोकळी सोडलेली जागा भरायचा आणि मिळवलेला चेंडू पुन्हा नेत्सरच्या पायाशी आणून द्यायचा. नेत्सरने स्वतः याची कबुली अनेकदा दिली आहे. पण नेत्सरवर जेवढी पाने लिहिली गेली त्याच्या शंभराव्या हिश्श्याने व्हिमरवर लिहिली गेली नसतील. ऑर्केस्ट्राचे श्रेय सगळे बॅटन हलवणाऱ्याला द्यावे तशी ही गत. माझ्या मते फुटबॉलच्या अभ्यासातली सर्वांत मोठी पोकळी हीच आहे. मधल्या फळीतला प्रतिभावंत सुटा खेळत नाही; त्याच्या मोकळेपणाची किंमत कुणीतरी दुसरा फुफ्फुसे फुटेस्तोवर धावून मोजत असतो. मुक्त, कलंदर नेत्सर हवा असेल तर त्याच चौकटीत घामाने निथळणारा व्हिमरही दाखवावा लागेल.

आणखी एक तपशील कलंदरपणाच्या चित्रात बसत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस बोरुसियाचा संघ गोल खूप करायचा आणि खूप खायचाही. प्रेक्षक खूश, करंडक मात्र दुसऱ्यांकडे. तेव्हा बचाव भक्कम करा असा आग्रह धरणाऱ्यांत नेत्सर पुढे होता. १९६९ मध्ये लुडविग म्युलर आणि क्लाउस-डीटर झीलोफ हे दोन अनुभवी बचावपटू आणले गेले आणि १९७० मध्ये बोरुसिया पहिल्यांदा जर्मन विजेता झाला. १९७१ मध्ये पुन्हा. लागोपाठ दोनदा बुंडेसलिगा जिंकणारा तो पहिला क्लब. आक्रमणाच्या पुजाऱ्यांनी हे विजेतेपद बचावाच्या जोरावर मिळवले, ही गोष्ट नेत्सरच्या दंतकथेत सहसा सांगितली जात नाही.

त्या दोन वर्षांतले दोन अपघात जाता जाता सांगतो, कारण नियम आणि वस्तू यांचाही इतिहास असतो. ३ एप्रिल १९७१ रोजी वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या सामन्यात बोरुसियाचा हर्बर्ट लाउमेन जाळ्यात कोसळला आणि लाकडी गोलखांब मोडला. दुसरा खांब काही उभा करता आला नाही. १-१ असा थांबलेला सामना ब्रेमेनला बहाल झाला आणि जर्मन मैदानांवर ॲल्युमिनियमचे खांब आले. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला युरोपियन चषकात बोरुसियाने इंटर मिलानला ७-१ असे धुऊन काढले. त्यातले दोन गोल नेत्सरचे. पण प्रेक्षकांतून आलेला कोकाकोलाचा डबा लागून इंटरचा रोबेर्तो बोनिन्सेन्या आडवा झाला होता आणि युरोपीय संघटनेने तो निकालच रद्द केला. मिलानमध्ये बोरुसिया २-४ अशी हरली, पुन्हा खेळवलेला सामना बर्लिनमध्ये ०-० सुटला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. पाहणाऱ्यांच्या मते नेत्सरच्या क्लबाचा तो सर्वोत्तम सामना होता, आणि अधिकृत नोंदीनुसार तो झालाच नाही.

आता वेम्बलीकडे येऊ, कारण दंतकथेचा पाया तिथे आहे. २९ एप्रिल १९७२, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीचा पहिला सामना. जर्मन संघ इंग्लंडमध्ये तोवर एकदाही जिंकला नव्हता. नेत्सरच्या जागेचा नेहमीचा मानकरी ओव्हरात दुखापतीमुळे नव्हता, म्हणून प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी नेत्सरला खेळवले. मागे फ्रान्झ बेकेनबाउअर, पुढे नेत्सर. एक चेंडू घेऊन वर निघाला की दुसऱ्याने मागे थांबायचे, अशी दोघांची अदलाबदल नव्वद मिनिटे चालली आणि इंग्रजांना तिचे गणित सुटले नाही. सामना संपायला थोडीच मिनिटे उरली असताना नेत्सरने पेनल्टी मारली. गॉर्डन बँक्सचा हात चेंडूला लागला, चेंडू खांबाला आपटला आणि आत गेला. जर्मनी ३-१ अशी जिंकली. जूनमध्ये ब्रुसेल्सला सोव्हिएत संघाला ३-० असे हरवून तिने युरोपीय अजिंक्यपदही घेतले. त्या तीन गोलांतला एक व्हिमरचा होता. वर्षाअखेरीस युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात बेकेनबाउअरला ८१ गुण मिळाले आणि गेर्ड म्युलर व नेत्सर या दोघांना प्रत्येकी ७९.

वेम्बलीच्या दोन दिवस आधी, २७ एप्रिलला, बॉनच्या संसदेत चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला होता. विरोधी पक्षाचे राइनर बार्झेल यांना २४९ मते हवी होती, मिळाली २४७. ब्रांट तरले. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी समेट करू पाहणारा चॅन्सेलर आणि इंग्लंडच्या हिरवळीवर मुक्तपणे चेंडू फिरवणारा लांब केसांचा खेळाडू, दोघे एकाच आठवड्यात जिंकले. निबंधकारांना एवढे पुरेसे होते. फ्रांकफुर्टच्या एका प्रतिष्ठित दैनिकात साहित्यविभाग सांभाळलेले कार्ल हाइन्त्स बोरर यांनी नेत्सरच्या मागून अचानक पुढे येण्यात सौंदर्यशास्त्राचा अनुभव पाहिला आणि त्यांची शब्दयोजना जर्मन भाषेत म्हणीसारखी रुळली. नेत्सरने २००४ मध्ये आत्मचरित्र काढले तेव्हा शीर्षकही तिच्यातूनच घेतले. नॉर्बर्ट झाइट्स यांनी १९८७ मध्ये फुटबॉल आणि राजकारण यांची वर्षागणिक जोडी लावून दाखवली. हेल्मुट ब्योटिगर यांनी नव्वदच्या दशकात नेत्सरच्या पासमध्ये एका स्वप्नाळू कालखंडाची खूण वाचली. यातून एक समीकरण पक्के झाले: बोरुसिया म्हणजे पुरोगामी, बायर्न म्हणजे हिशेबी आणि सनातनी.

बोरर मला आवडतात. पाहणे म्हणजे काय हे त्यांनी क्रीडापत्रकारांना शिकवले. पण हे समीकरण वेम्बलीच्या संघाची यादी समोर ठेवली की कोसळते. त्या अकरांत बोरुसियाचे दोघेच होते, नेत्सर आणि व्हिमर. बायर्नचे सहा. संघात माओचे नाव घेणारा, स्वतःला डावा म्हणवणारा कुणी असेल तर तो पॉल ब्राइटनर, आणि तो बायर्नचा. नेत्सरने स्वतः राजकीय बंडखोरीचा दावा कधी केला नाही. १९७३ मध्ये तो गेला तो हुकूमशहा फ्रँकोच्या राजधानीत, रेआल माद्रिदकडे. वर्षभराने ब्राइटनरही त्याच्या मागोमाग तिथेच पोचला. आणि संसदेतल्या त्या दोन मतांचे म्हणाल, तर पुढे उघड झाले की त्यातले निदान एक मत पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्याने पैसे चारून मिळवले होते. विकली गेलेली मते आणि विकले गेलेले सामने ही त्या काळाची जोडी लावता येते. मात्र ती लावायला कुणी निबंधकार पुढे आला नाही, कारण तिच्यात सौंदर्य नाही. तारखा जवळजवळ पडल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याचा पाय सर्वाधिक इथेच घसरतो.

पुराव्याची खरी कसोटी पुढच्या प्रसंगात आहे. २३ जून १९७३, ड्युसेलडोर्फ, जर्मन चषकाचा अंतिम सामना, बोरुसिया विरुद्ध कोलोन. नेत्सर माद्रिदला जाणार हे जगजाहीर झाले होते. त्याची आई नुकतीच वारली होती. वाइसवायलर यांनी त्याला बाकावर बसवले. पुढची कथा जर्मनीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मध्यंतरात प्रशिक्षकांनी उतरायला सांगितले तेव्हा नेत्सर नाही म्हणाला, कारण संघ त्याच्याशिवाय चांगला खेळत होता. नव्वद मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी होती. जादा वेळेआधी त्याने थकलेल्या क्रिस्तियान कुलिकला विचारले, पुढे खेळवेल का? कुलिक नाही म्हणाला. नेत्सरने वरचा पोशाख उतरवला, आता मी खेळतो असे वाइसवायलर यांना जाता जाता सांगितले आणि तो आत गेला. तीन मिनिटांत राइनर बोनहोफकडून परत आलेला चेंडू त्याने डाव्या पायाने वरच्या कोपऱ्यात धाडला. तोच विजयी गोल. बोरुसियासाठी तो त्याचा शेवटचा सामना.

इतकी घडीव कथा हाती आली की अभ्यासकाने सावध व्हावे. गोल चित्रफितीवर आहे, त्याबद्दल वाद नाही. बाकावरचा संवाद मात्र आपल्याला कळतो तो मुख्यतः नेत्सरच्या तोंडून, आणि तो त्याने अनेक वर्षे, अनेक कॅमेऱ्यांपुढे, अधिकाधिक सफाईने सांगितला आहे. वाइसवायलर १९८३ मध्ये वारले. नंतरच्या दशकांत कथा मोठी होत गेली तेव्हा त्यांची बाजू मांडायला ते नव्हते. नेत्सर खोटे सांगतो असा माझा आरोप नाही. उलट गोलाबद्दल तो प्रांजळपणे सांगत आला आहे की चेंडू पायावर नीट बसलाच नव्हता आणि बसला असता तर गोलरक्षकाने अडवला असता. मुद्दा पुराव्याच्या जातीचा आहे. शिवाय एक कोरडा तपशील: जर्मन लीगमध्ये बदली खेळाडू उतरवण्याची मुभाच १९६७ मध्ये आली. आणखी सहा-सात वर्षे आधी हाच अंतिम सामना झाला असता तर बाकावरून उठण्याचा प्रश्नच नव्हता. दंतकथेलाही नियमपुस्तिकेची परवानगी लागते.

पुढची कारकीर्द मी भराभर सांगणार आहे. स्पेनने परदेशी खेळाडूंवरची बंदी १९७३ मध्ये उठवली. त्याच उन्हाळ्यात योहान क्रॉइफ बार्सिलोनाला आणि नेत्सर माद्रिदला गेला. पहिल्या हंगामात बार्सिलोनाने माद्रिदला तिच्याच मैदानावर ५-० असे लोळवले. नंतर नेत्सरच्या वाट्याला दोन लीग विजेतेपदे आणि दोन चषक आले, पण जर्मन राष्ट्रीय संघातली जागा निसटली ती निसटलीच. १९७६ मध्ये युरोपियन चषकात माद्रिदची गाठ बोरुसियाशीच पडली. परतीच्या सामन्यात बोरुसियाचे दोन गोल पंचांनी नाकारले आणि नेत्सरचा नवा क्लब पुढे गेला. अखेरचा काळ झुरिकच्या ग्रासहॉपर क्लबात.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत कर्तबगार काळ बूट काढल्यानंतरचा आहे. १९७८ मध्ये तो हांबुर्गच्या क्लबाकडे गेला तो पुन्हा मासिक चालवायला मिळावे म्हणून. अध्यक्षांनी त्याला व्यवस्थापकच केले. बेशिस्तीचे प्रतीक मानल्या गेलेल्या या माणसाने प्रशिक्षक म्हणून आधी ब्रांको झेबेत्स आणि मग एर्न्स्ट हापेल अशी दोन करडी माणसे आणली. १९७९, १९८२ आणि १९८३ अशी तीन जर्मन विजेतेपदे, आणि १९८३ मध्ये अथेन्सला युव्हेंटसला हरवून युरोपियन चषक. दूरचित्रवाणीवर पुढे गेरहार्ड डेलिंग यांच्याबरोबर त्याने सामन्यांची चिरफाड केली. दोघे घनिष्ठ मित्र, पण पडद्यावर एकमेकांना अहो-जाहोच करत. २००० मध्ये या जोडीला ग्रिमे पुरस्कार मिळाला, आणि २००३ मध्ये आइसलँडमधल्या ०-० नंतर राष्ट्रीय प्रशिक्षक रूडी फ्योलर थेट प्रक्षेपणात भडकले ते याच जोडीच्या टीकेवर. पूर्वीचे सगळे चांगले होते असे सांगत राहणाऱ्यांवर त्यांचा राग होता. तो अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. १९७२ ची सावली जर्मन संघावर तीस वर्षे पडलेली होती, आणि ती पाडणाऱ्यांत लिहिणारेही होते.

सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. नेत्सर फार मोठा खेळाडू होता, पण त्याचे सर्वश्रेष्ठत्व जेमतेम दोन वर्षांचे. उरलेले त्याच्यावर लिहिणाऱ्यांचे कर्तृत्व आहे. यात काही वावगे नाही, फक्त कोणता भाग कुणाचा हे वेगळे काढता आले पाहिजे, आणि या पुस्तकातली पुढची प्रकरणे तेच शिकवतात. वाचताना माझी एकच सूचना: निबंध वाचण्याआधी वेम्बलीच्या सामन्याचे चित्रण पाहा. पहिल्यांदा नेत्सरकडे पाहा, दुसऱ्यांदा फक्त व्हिमरकडे. या विषयावरचे बरेचसे लेखन जर्मनमध्येच आहे. पुण्या-मुंबईत मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकणारी मुले-मुली कमी नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याने व्याकरणाच्या पुढे जाऊन इकडे वळावे.

आणि ही हत्यारे परदेशातच वापरायची असे कुठे आहे? मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. गोव्याच्या क्लबांनी देशाला खेळाडूंच्या पिढ्या दिल्या. कोल्हापुरात तर पेठांच्या तालमी फुटबॉलचे संघ बाळगून आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांच्या लढतींना गर्दी लोटते, आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या संघांच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षे धावलेल्या माणसांची कारकीर्द मराठीत अजून नीट लिहिली गेलेली नाही. ज्यांच्या घरी जुन्या सामन्यांची पत्रके, संघांची छायाचित्रे किंवा वर्तमानपत्रांची कात्रणे असतील त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी गावातल्या ग्रंथालयाला दाखवावीत, आणि छायाचित्रांमागे खेळाडूंची नावे व साल पेन्सिलीने लिहून ठेवावे.